डाव्या-उजव्या बाजूतला फरक काय सांगतो?

राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान जाहीर केले. महिन्याभरातच देशात २१वी पशुगणना सुरू झाली. आधीच्या, म्हणजे २०१९च्या गणनेत देशी आणि गावठी गोवंश २०१२च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटून १४ कोटी २१ लाखांवर आला होता. संख्येची चर्चा त्यामुळे योग्यच आहे. पण जी जनावरे उरली आहेत त्यांची वाढ कशी होते आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

मी माणसांचा डॉक्टर. सरकारी रुग्णालयात आम्ही बाळाचे वजन करतो, दंडाचा घेर मोजतो, तक्त्यावर टिंब मांडतो. कारण मूल आजारी दिसू लागण्याआधीच बहुधा त्याची वाढ अडखळलेली असते. जनावरांच्या बाबतीत अशीच एक खूण जीवशास्त्रज्ञ अनेक वर्षे अभ्यासत आहेत. ती म्हणजे शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतला बारीक फरक.

वासराचे दोन्ही कान, दोन्ही पायांच्या नळ्या, दोन्ही शिंगे एकाच जनुकीय आराखड्यावरून घडतात आणि एकाच आईच्या पोटात वाढतात. वाढ होताना लहानसहान चुका होतच असतात, शरीर त्या सावरून घेते. चाऱ्याची टंचाई, उष्णता, जंत, रोग किंवा जवळच्या नात्यातले प्रजनन यांमुळे ही सावरण्याची ताकद कमी पडू शकते. मग कधी डावी, कधी उजवी बाजू किंचित मोठी राहते. हृदय डावीकडे असते तसा हा ठरलेला फरक नव्हे. तो कुठल्याही बाजूला पडतो. ली व्हॅन व्हेलन यांनी १९६२मध्ये या फरकाची नीट मांडणी केली.

गायीचा गाभणकाळ साधारण सव्वानऊ महिन्यांचा असतो. दिवाळीच्या सुमारास गाभण राहिलेली गाय पोटातल्या वासरासह अख्खा उन्हाळा काढते. २०१८-१९च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी जनावरे छावण्यांत ऊस आणि वाढ्यांवर जगली. त्या काळात पोटात असलेल्या वासरांवर दुष्काळाची खूण राहिली का, हे त्यांची मापे घेतली असती तर तपासता आले असते.

अर्थात, या खुणेला मर्यादा आहेत. फरक बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटरचा असतो, म्हणजे टेप धरणाऱ्याच्या हाताच्या चुकीएवढा. म्हणून एकच माप दोनदा घेऊन चूक वेगळी काढावी लागते. पामर आणि स्ट्रोबेक यांनी १९८६मध्येच यावर बोट ठेवले होते. दुसरे म्हणजे आपल्याकडे खिल्लार बैलाची शिंगे साळतात, आणि बैल वर्षानुवर्षे जुवाच्या एकाच बाजूला जुंपला जातो. त्याचा एक खांदा जास्त भरला तर तो कामाचा परिणाम, दुष्काळाचा नव्हे. तिसरे म्हणजे एका जनावरावरून काहीच सिद्ध होत नाही. बाजारात एक शिंग वाकडे दिसले म्हणून गाय नाकारणे हा अडाणीपणा ठरेल. शिवाय सर्व प्राण्यांत आणि सर्व अवयवांत हा संबंध सारखा आढळलेला नाही. ही ताप मोजण्यासारखी गोष्ट आहे: काहीतरी बिघडले आहे एवढे कळते, कशामुळे ते शोधावे लागते.

तरीही ती वापरण्याजोगी आहे. लाळ्या-खुरकूत लसीकरणासाठी पशुवैद्यकीय कर्मचारी गोठ्यापर्यंत जातातच. त्या वेळी जुवाला न लागलेल्या काही मोजक्या वासरांच्या पुढच्या दोन्ही पायांच्या नळीची रुंदी मोजपट्टीने नव्हे, तर कॅलिपरने दोनदा मोजावी. देवणी, लाल कंधारी, डांगी अशा एकेका जातीत कोरडा तालुका आणि पाण्याचा तालुका, दुष्काळाचे वर्ष आणि बरे वर्ष यांची तुलना करावी. वजन, दूध आणि वळूंची वंशावळ यांच्या नोंदी सोबत ठेवल्या तर उष्णता, चारा की नात्यातले प्रजनन, यांतला दोष वेगळा करता येईल. अनुदानाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

माणसांच्या डॉक्टरला यात रस का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते, आणि याज्ञिक पुढच्या मधुमेहाचे एक मूळ तिथे शोधतात. पोटातल्या दिवसांची नोंद शरीर ठेवते, ती अशी.

ज्या टंचाईत गाय गाभण असते, त्याच टंचाईत गावातली सूनही गरोदर असते. पाणी तेच, ऊनही तेच. वासरांची मापे वर्षागणिक बिघडत असतील, तर त्या गावातल्या गर्भवतींची हिमोग्लोबिन आणि वजनाची तपासणीही त्याच वर्षी वाढवायला हवी.