चाकांवरचं घर आणि दुसऱ्याचं अंगण

मंडळी, आपल्या मंडळाच्या गेल्या दिवाळी कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत एका परिचितांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मोटरहोम घेऊन आठ दिवस स्कॉटलंड फिरून आलो. मुक्कामाचा खर्च किती? शून्य!" रांगेतल्या चार-पाच जणांनी कौतुकानं माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. ताटात गरम बटाटेवडा होता आणि वाद घालायची ती वेळही नव्हती. पण न बोलल्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हा लेख. कुणाला झोंबला तर झोंबू दे.

आधीच सांगतो, मी मोटरहोमचा विरोधक नाही, भक्त आहे. मार्च २०२० मध्ये घरात बसायचा हुकूम झाला आणि वर्षभर आपण खिडकीतून रस्ता बघत काढलं. २३ एप्रिल २०२१ ला भारत ब्रिटनच्या लाल यादीत गेला. आईला भेटून यायचं तर परतल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं आणि त्याचे माणशी १,७५० पौंड मोजायचे. भेट लांबली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ एप्रिलला, स्कॉटलंडनं पाहुण्यांसाठी दारं उघडली. मे महिन्यात आम्ही चौघं भाड्याची मोटरहोम घेऊन उत्तरेला निघालो. आपलं अंथरूण, आपली चूल, आपला संडास. कुणाला शिवायला नको, कुणाची पायरी चढायला नको. ते आठ दिवस मुलं अजून विसरलेली नाहीत.

मीही एक रात्र विसरलेलो नाही. साइटवर जागा मिळाली नाही, कारण आधी फोन करायची अक्कल नव्हती. एका लहानशा बंदराजवळ गवताच्या तुकड्यावर गाडी लावली. वरण-भात झाला, भांडी घासली, आणि टाकी भरली म्हणून खरकटं पाणी तिथंच गवतात सोडून दिलं. 'पाणीच तर आहे!' सकाळी दारावर टकटक. एक म्हातारे गृहस्थ उभे. हातात कढीपत्त्याचं पान. उतारावरून आमचं वरण रात्रीतून त्यांच्या पायरीपर्यंत पोचलं होतं. ते चिडले नव्हते, हीच पंचाईत होती. म्हणाले, "वर्षभर इथं कुणी आलं नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं. पण तुम्ही एकच रात्र राहणार. मला मात्र उन्हाळाभर रोज कुणाचं तरी पाणी पुसावं लागतं."

मी माफी मागितली आणि बायकोनं बादली-खराटा घेऊन पायरी धुतली. परतताना मला सारखी आमची कोकणातली वाडी आठवत होती. २०२० च्या गणपतीत मुंबईच्या चाकरमान्यांना विलगीकरणात बसवायचं की नाही, यावरून गावोगाव भांडणं झाली. ग्राम कृती दलात असलेला माझा चुलतभाऊ फोनवर म्हणायचा, "अरे, दवाखाना केवढा, माणसं म्हातारी किती!" आणि मी इथून, सातासमुद्रापलीकडून, त्याला ठासून पाठिंबा देत होतो. दर डिसेंबरात किनाऱ्यावर जीप घालणाऱ्या, बाटल्या टाकून जाणाऱ्या शहरी पाहुण्यांना मी फोनवरून शिव्या घालतो. आणि स्कॉटलंडच्या त्या बंदरात तोच शहरी पाहुणा मी होतो.

निर्बंध उठले, मोटरहोम पुन्हा रस्त्यावर आल्या, हे चांगलंच झालं. पण महामारीत 'आपलं आपण' या गोष्टीला जो मान होता, त्याचा अर्थ आपण सोयीनं बदलून घेतला. तेव्हा 'आपलं आपण' म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. आता 'आपलं आपण' म्हणजे दुसऱ्याशी संबंधच नको.

यावर नेहमी जे मुद्दे ऐकू येतात ते एकेक घेतो.

पहिला मुद्दा: "स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करायचा कायद्यानं हक्क आहे." साफ चूक. २००३ च्या तिथल्या जमीन सुधारणा कायद्यानं जो हक्क दिला तो पायी, सायकलनं, घोड्यावरून जाणाऱ्याला आणि तंबू ठोकणाऱ्याला. मोटार वाहनाला तो नाही. पाठीवर तंबू घेऊन चालणाऱ्याची सवलत आपण साडेतीन टनांच्या गाडीसाठी मागतो आहोत!

दुसरा: "गाडीचं भाडंच एवढं, वर साइटचे पैसे कशाला?" साइटवर नुसती जागा मिळत नाही. पिण्याचं पाणी, वीज, खरकटं पाणी सोडायची मोरी आणि मुख्य म्हणजे संडासाची पेटी रिकामी करायची जागा मिळते. ती पेटी साधारण वीस लिटरची. चौघांच्या कुटुंबाला फार तर दोन-तीन दिवस पुरते. आठ दिवसांचा खर्च शून्य म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की ती पेटी तुम्ही कुठं ओतलीत? त्यातलं निळं रसायन शोषखड्ड्यातले उपयोगी जंतू मारतं, आणि खेड्यातली बरीचशी घरं अशाच खड्ड्यांवर चालतात.

शिवाय गावाला आपल्याकडून मिळतं काय? पोळ्या घरून गोठवून आणलेल्या, डाळ-तांदूळ डब्यात, डिझेल शहरातल्या सुपरमार्केटमधलं. गावाच्या वाट्याला फक्त आपलं खरकटं.

तिसरा: "आमच्या एका गाडीनं काय होतंय?" बिरबलाच्या हौदाची गोष्ट आठवा. सगळ्यांनी रात्री दूध ओतायचं ठरलं. माझा एक तांब्या पाण्याचा कुणाला कळणार, असं जो तो म्हणाला, आणि सकाळी हौदभर पाणी! उत्तर टोकाचा 'नॉर्थ कोस्ट ५००' हा मार्ग २०१५ साली आखला गेला. इन्व्हर्नेसपासून फिरून परत इन्व्हर्नेस, ५१६ मैल. त्यात कित्येक ठिकाणी एकच गाडी जाईल एवढा रस्ता. समोरच्याला वाट द्यायला जे कोपरे ठेवलेत, तिथं कुणी रात्री गाडी लावून झोपलं तर सकाळी रुग्णवाहिकेनं कुठून जावं?

चौथा, आणि आपला लाडका: "अहो, गोरे लोकही असंच करतात." करतात की! बहुतेक तेच करतात. पण शेजारचा बंड्या वर्गात मार खातो म्हणून आपणही खायचा का, असं आपल्याला लहानपणी कुणीतरी विचारलेलं असेलच.

एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. सोयी कमी आहेत. पेट्या रिकाम्या करायच्या जागा वाढायला हव्यात, त्यासाठी तिथल्या कौन्सिलकडे मागणी करायला हवी. पण न्हाणीघर लहान आहे म्हणून कुणी दिवाणखान्यात आंघोळ करत नाही. जागा मिळत नसेल तर मार्ग बदलावा, दिवस कमी करावेत, नाहीतर सुट्टीची तारीख पुढं न्यावी. आधी साइट ठरवावी, मग निघावं. ब्रेड, मासे, डिझेल त्या गावात घ्यावं. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यावेत.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई एकदाची आली. तिलाही घेऊन उत्तरेला गेलो, या वेळी साइट आधी ठरवून. चाकांवरचं स्वयंपाकघर बघून तिला फार गंमत वाटली. जेवणं झाली, तिनं पातेलं विसळलं आणि पाणी हातात घेऊन दारात थबकली. आमच्याकडे परसातलं पाणी माडाच्या अळ्यात जातं. इथं माड नाही. तिनं विचारलं, "हे कुठं ओतू रे? खाली कुणाचं घर तर नाही ना?"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा मोटरहोम पाहिली आणि पहिल्याच रात्री नेमका तोच प्रश्न विचारला, जो मला कढीपत्त्याचं पान बघितल्यावर सुचला.

तर मंडळी, जरूर फिरा. यंदाच्या दिवाळीत त्याच रांगेत पुन्हा भेटू. तेव्हा मुक्काम किती स्वस्तात झाला ते नका सांगू. पाणी कुठं ओतलंत तेवढं सांगा.