गंजी, घर आणि ‘जाळपोळ’

कडब्याची गंजी पेटो, गोठा पेटो की राहतं घर, आपल्या फिर्यादींत, जामीन अर्जांत आणि युक्तिवादांत शब्द एकच येतो: जाळपोळ. त्याच्या पाठीशी इंग्रजीतला ‘आर्सन’ उभा असतो. हा शब्द लॅटिन ‘आर्देरे’ म्हणजे ‘जळणे’ या क्रियापदापासून निघाला आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्लंडच्या न्यायालयीन भाषेत पोचला. तिथल्या कॉमन लॉमध्ये त्याचा अर्थ फार आखूड होता. दुसऱ्याचं राहतं घर दुष्ट बुद्धीने जाळलं, तरच आर्सन. भिंत नुसती धुराने काळवंडून भागत नसे. घराचा काही भाग, थोडा का होईना, जळावा लागे. पुढे इंग्लंडनेच १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज अ‍ॅक्टने तो जुना गुन्हा रद्द केला आणि आगीने केलेल्या नुकसानीसाठी नाव तेवढं राखलं.

आपल्या १८६० च्या दंड संहितेने ‘आर्सन’ नावाचा गुन्हा घेतलाच नाही. आग लावणं तिने ‘मिस्चिफ’मध्ये बसवलं. मराठी पाठात त्याला ‘आगळीक’ म्हटलं आहे. या शब्दात ‘आग’ ऐकू येते, पण त्याचं नातं ‘आगळा’शी, म्हणजे मर्यादा ओलांडण्याशी आहे.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. आगळिकीला मालमत्ता दुसऱ्याचीच असावी लागत नाही. विमा उतरवलेलं जहाज विमा कंपनीला गोत्यात आणण्यासाठी मुद्दाम बुडवणारा, हे कलम ४२५ खालचंच उदाहरण आहे. म्हणून विम्यासाठी दुकान पेटवणाऱ्याला ‘माल माझाच होता’ एवढ्यावर सुटता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून हे सारं भारतीय न्याय संहितेच्या ३२४ आणि ३२६ मध्ये आलं. जुन्या ४३५ मधली शंभर रुपयांची, शेतमालासाठी दहा रुपयांची, अट गेली. पण खरी सीमारेषा तशीच आहे. शेतातली गंजी जाळली तर ३२६ (एफ), शिक्षा सात वर्षांपर्यंत. प्रार्थनास्थळ, माणसांची वस्ती किंवा मालमत्ता ठेवण्याची जागा म्हणून एरवी वापरात असलेली इमारत जाळली तर ३२६ (जी), शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. आणि हेतू किंवा जाणीव नसून नुसता निष्काळजीपणा असेल, तर प्रकरण २८७ वर येतं.

गोठ्याचा प्रश्न इथेच अडतो. तो चार खांबांवरचा आडोसा होता की भिंती-दाराची इमारत? आत अवजारं, धान्य ठेवलं जायचं का? रात्री कुणी झोपायचं का? पंचनाम्यात याचं उत्तर नसेल, तर सत्र न्यायालयात ते साक्षीदारांच्या आठवणींतून उकरावं लागतं, आणि उलटतपासात नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. फिर्यादीत ‘जाळपोळ’ खुशाल लिहा. पण काय जळलं आणि ते कशासाठी वापरात होतं, हे पुढच्याच ओळीत येऊ द्या. कलम त्या ओळीवरून ठरतं.