आडवे फ्लेक्स आज रात्रीच उतरवा

दहीहंडी झाली की दहा-अकरा दिवसांत गणपती बसतात. या दिवसांत कुठल्याही पेठेत, कुठल्याही नाक्यावर मान वर करून पाहा. या खांबापासून त्या खांबापर्यंत, या गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत फ्लेक्स ताणलेले दिसतील. गोविंदांचे अजून उतरलेले नसतात, तोवर बाप्पांचे चढतात आणि मधे कुठल्या तरी भाऊंचा वाढदिवस येतोच. मंडळांचे कार्यकर्ते, भाऊंचे शुभेच्छुक, फ्लेक्स छापणारे दुकानदार आणि त्याखालून रोज ये-जा करणारे आपण सगळे, या सर्वांना कळकळीची विनंती आहे: रस्त्यावर आडवे टांगलेले फ्लेक्स आज रात्रीच उतरवा आणि नवे टांगू नका.

उत्सव नको, शुभेच्छा नकोत, असं इथं कुणी म्हणत नाही. भांडण आहे ते वाऱ्याशी.

तीस बाय दहाचा फ्लेक्स घ्या. दुकानातून गुंडाळी करून स्कूटरवर पायाशी ठेवून एकटा पोरगा तो घेऊन येतो. वजन जेमतेम आठ-नऊ किलो. त्यामुळेच फसगत होते. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही अंगांनी चढवलेलं पीव्हीसी. त्यातून पाणी जात नाही, तसा वाराही जात नाही. रस्त्यावर आडवा बांधला की त्याचं शीड होतं. ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर दर चौरस मीटरला साधारण 12 किलोचा रेटा बसतो. आपल्या फ्लेक्सचं क्षेत्रफळ जवळजवळ 28 चौरस मीटर. म्हणजे आठ किलोच्या त्या गुंडाळीवर सव्वातीनशे किलोंहून जास्त भार आला. वारा 80 वर गेला, तर भार थोडाथोडका वाढत नाही, अडीचपट होतो आणि आठशे किलोंच्या पुढं जातो. असा वारा यायला चक्रीवादळ लागत नाही. भादव्यात दुपारी ढग भरून येतात आणि पाऊस पडण्याआधी जो झोत सुटतो, तोही पुरतो.

पुढची गोष्ट बांधणाऱ्या पोरांनी नीट ध्यानात घ्यावी. फ्लेक्सला सुरकुती पडू नये, भाऊंचा चेहरा वाकडा दिसू नये, म्हणून दोऱ्या जीव खाऊन ओढल्या जातात. दोरी जितकी ताठ, तितका तिच्यावरचा ताण जास्त. तीस फुटांच्या गाळ्यात फ्लेक्स मधोमध फक्त फूटभर फुगू शकत असेल, तर सव्वातीनशे किलोंच्या रेट्यानं दोन्ही टोकांना प्रत्येकी सव्वा टनाच्या आसपास ओढ बसते. वरची आणि खालची दोरी मिळून ती पेलणार. ती ओढ शेवटी कुठं जाते? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर किंवा कुणाच्या गॅलरीच्या गंजलेल्या ग्रिलवर. दिवा पेलायला उभा केलेला खांब बाजूनं टनभर ओढ सोसेल, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

‘आम्ही वारा जायला काप देतो’ असं हमखास सांगितलं जातं. पेंटर लोक कापडी फलकाला चंद्रकोरी काप द्यायचे, तिथून ही रीत आली. पण दहा-बारा कापांनी जेवढी जागा मोकळी होते, साधारण तेवढाच भार हलका होतो. तीनशे चौरस फुटांत पंधरा फूट मोकळे केले, तरी उरलेले दोनशे पंच्याऐंशी वाऱ्याला तोंड देतातच. शिवाय फ्लेक्स फाटायला सुरुवात त्या कापापासूनच होते.

वाऱ्याच्या आधी विजेचा घात होतो. 8 जानेवारी 2024 च्या सुमारास कर्नाटकात गदग जिल्ह्यात, लक्ष्मेश्वर तालुक्यातल्या एका गावात, एका नटाच्या वाढदिवसाचा फलक रात्री उभारताना विजेच्या तारेला लागला आणि तीन तरुण गेले. 2020 च्या सप्टेंबरात आंध्रात चित्तूर जिल्ह्यात नेमकं असंच झालं होतं. नट दुसरा, वाढदिवस दुसरा, मेलेले तरुण पुन्हा तीन. लोखंडी फ्रेम, ओला बांबू, भिजलेली दोरी यांतून वीज वाहते. अकरा हजार व्होल्टच्या तारेला तर टेकायचीही गरज नसते, जास्त जवळ गेलं तरी ती ओढून घेते. दोरीला दगड बांधून तारांवरून पलीकडं भिरकावणं हा तर निव्वळ आत्मघात आहे.

आणि खालून जाणाऱ्याचं काय? 2019 च्या सप्टेंबरात चेन्नईत एक तरुण अभियंता स्कूटरवरून घरी निघाली होती. लग्नाच्या शुभेच्छांचा एक फलक सुटून तिच्या अंगावर पडला, ती रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेला टँकर तिच्यावरून गेला. आपल्याकडं घाटकोपरच्या छेडानगरात 13 मे 2024 रोजी अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. होर्डिंग लोखंडाचं होतं आणि आपला फ्लेक्स दोरीवरचा, हे खरं. पण होर्डिंगला निदान पाया तरी असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. विनापरवाना फलक लावून शहर विद्रूप करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1995 पासून कायदा आहे, त्यात कैदेचीही तरतूद आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलक हटवायला बजावलं. तरी फलक आहेत तिथंच आहेत. म्हणून ही विनंती महापालिकेला नाही, तुम्हाला आहे.

छापणाऱ्या दुकानदारांनो, पहिला नकार तुमच्याकडून येऊ शकतो. डिझाइन फायनल करण्याआधी ‘लावणार कुठं?’ एवढं विचारा. रस्त्यावर आडवा म्हणाले, तर परवानगीचा कागद मागा, तिचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सवरच छापा. कागद नसेल तर मशीन सुरू करू नका. हंगाम तुमचाही असतो, हे मान्य आहे. पण तोच मजकूर मांडवाच्या दर्शनी बाजूला, भिंतीला सपाट किंवा मंडळाच्या पक्क्या कमानीवर बसेल अशा मापात देता येतो, आणि तुमचे स्क्वेअर फूट फारसे कमी होत नाहीत. रस्त्यावर काही आडवं हवंच असेल, तर पताका आहेत. त्या वारा अडवत नाहीत, तुटून पडल्या तरी कुणाचं डोकं फुटत नाही, आणि खरं सांगायचं तर पन्नास चेहऱ्यांच्या शुभेच्छांपेक्षा कितीतरी देखण्या दिसतात.

मंडळांनी आपल्या मूर्तीचा तरी विचार करावा. मिरवणुकीत तारा वर उचलायला बांबू घेऊन एक जण पुढं चालतोच. फ्लेक्स आडवा असला की तो सोडवायला अर्धा तास सगळी मिरवणूक खोळंबते. अग्निशमन दलाची शिडीची गाडी त्याच गल्लीत शिरायची झाली, तर अर्धा तास कोण देणार?

आता उतरवायचं कसं. दिवसा गर्दीत नको, रात्री रहदारी थांबली की दोन्ही बाजूंना माणसं उभी करून रस्ता अडवा. पाऊस किंवा वारा असेल तर हात लावू नका, खालून माणसं हटवा आणि तो ओसरू द्या. एका बाजूची दोरी कापून मोकळं होऊ नका. सुटलेलं टोक फ्रेमसकट रस्ता झाडत जातं. दोन्हीकडून एकदम, हातात दोरी धरून सैल करत खाली घ्या. फ्लेक्स किंवा दोरी तारेला लागलेली असेल, निव्वळ जवळ जरी असेल, तरी शिडी लावू नका. महावितरणच्या भागात 1912 वर फोन करा, इतरत्र तुमच्या वीज कंपनीला कळवा आणि वीज बंद झाल्याची खात्री त्यांच्याच माणसाकडून करून घ्या.

दोरीचे तुकडे खांबाला लोंबते ठेवू नका, दुचाकीवाल्याच्या गळ्यात ते अडकतात. झाडाला मारलेले खिळे काढा. फ्लेक्स नाल्यात टाकू नका. पावसात छप्पर गळणारी घरं तुमच्याच वस्तीत असतील. तिथं विचारा, कुणी नाही म्हणणार नाही.