विद्यावेतन कोणाच्या खात्यात?

आपल्याकडे मेडिकलला नंबर लागला की फी, होस्टेल, मेस असं सगळं विचारून होतं. इंटर्नशिपमध्ये हातात काय पडणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

साडेचार वर्षं शिकल्यावर वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची असते. त्यात 12 आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे बरेचदा गावातलं आरोग्य केंद्र. माझ्या मते फॅमिली डॉक्टर घडतो तो इथेच. औराद-भालकीकडची आजी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत "कसंतरी होतंय बघा" म्हणते. त्या 'कसंतरी'मध्ये शुगर आहे की सुनेशी भांडण, हे कुठल्याच पुस्तकात नसतं!

या कामाचं विद्यावेतन प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. कर्नाटकात सरकारी कॉलेजच्या इंटर्नला 2020 पासून महिना 30,000 रुपये ठरले. महाराष्ट्रात 2024 मध्ये 11,000 वरून 18,000 झाले. म्हणजे बिदरच्या ब्रिम्समध्ये दिवसाला हजार रुपये आणि तिकडे लातूरला सहाशे. नाइट ड्यूटी तीच, पेशंटही बरेचदा एकाच पावण्या-रावळ्यांतले. सीमेच्या या बाजूला असल्याचा फायदा आपल्याला क्वचितच होतो, तो इथे झाला म्हणायचा.

पण आकडा कागदावर असून भागत नाही. कलबुर्गीतल्या एका खासगी मेडिकल कॉलेजची ईडीने चौकशी केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून कोऱ्या चेकवर आधीच सह्या घेतल्या आणि खात्यात आलेलं विद्यावेतन परस्पर काढून घेतलं, असा आरोप होता. पासबुकात पैसे आलेले दिसतात, पोरांच्या हाती काही लागत नाही. आणि गाइडची सही, परीक्षा, थिसिस सगळं कॉलेजच्या हातात असताना तक्रार करणार कोण?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ट्रेनिंगमध्येही पगार मिळतो आणि तो कंपनीने परत मागितला तर आम्ही दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकू. निवासी डॉक्टरला तसं उठून जाता येत नाही. पीजीची सीट मध्येच सोडली तर बहुतेक ठिकाणी दंड भरावा लागतो.

तेव्हा यंदा घरातल्या कोणाला प्रवेश घ्यायचा असेल तर तिथल्या सीनियरला दोन गोष्टी विचारा: विद्यावेतन दर महिन्याला येतं का, आणि चेकबुक नि एटीएम कार्ड कोणाजवळ असतं?