थेंबांचा हिशेब

मागच्या पंधरवड्यात एक बाई माझ्या मेडिकलमध्ये आली आणि पिशवीतून सिरपच्या दोन सीलबंद बाटल्या काढून तिने काउंटरवर ठेवल्या. "भाऊ, ह्या परत घेशील का? फोडल्या नाहीत अजून." सोडियम व्हॅल्प्रोएट. तिच्या सहा वर्षांच्या पोराला फिट येतात, त्याचं औषध. चार दिवसांपूर्वी माझ्याच दुकानातून नेलेलं. का परत करतेस विचारलं, तर तिने घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद पुढे केला. "त्या साहेबांनी सांगितलं, इंग्रजी औषधानं लिव्हर जातं. हे बंद कर, तेल चालू कर. तेलाला पैसे कमी पडतात म्हणून आले."

तो कागद म्हणजे सीबीडी तेलाची नवख्या माणसाला ओळख करून देणारं पत्रक. ते वाटणारे गृहस्थ आमच्या धानोऱ्यात येऊन, मांडव घालून, दोन तास बोलून गेले. मीही मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण त्यांच्यासारखे दहा आहेत आणि सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यातलं असतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भांग ही आपली विजया, ऋषिमुनींची वनस्पती. इंग्रजांनी ती बदनाम केली. तिच्यातलं सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल, त्याने नशा येत नाही. नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही. झोप, गुडघे, साखर, फिट, सिकलसेल, सगळ्यांवर चालतं. रात्री जिभेखाली चार थेंब सोडायचे आणि बाकीची औषधं हळूहळू सोडायची. अमेरिकेत एका मुलीच्या फिट याच तेलाने थांबल्या, मग आपल्या पोरांनी गोळ्या का खायच्या?

यातलं एक वाक्य खरं आहे आणि ते मी आधीच मान्य करतो. सीबीडीने नशा येत नाही. नशा आणणारं द्रव्य टीएचसी, ते वेगळं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही शुद्ध सीबीडीची सवय लागत नाही असंच सांगितलं. त्यामुळे 'गांजाच तो, हात लावू नका' म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी उभा नाही.

पण फिटचं औषध बंद करून तेल द्या, हा सल्ला ऐकला आणि माझं डोकं फिरलं. त्याचा हिशेब मी त्या बाईसमोर कागदावर मांडला, तोच इथे मांडतो.

पत्रकात छापलेली बाटली 30 मिलिलिटरची, तिच्यात 1000 मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण 33 मिलिग्रॅम. ड्रॉपरचे वीसेक थेंब म्हणजे एक मिलिलिटर. एका थेंबात दीड मिलिग्रॅमच्या थोडं वर. चार थेंबांत साडेसहा. आता सीबीडी फिटवर चालतं हे ज्या अभ्यासाने सिद्ध झालं, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. ड्राव्हे सिंड्रोम नावाचा, लहानपणीच सुरू होणारा अवघड आजार असलेली 120 मुलं आणि तरुण त्यात होते. त्यातल्या सीबीडी मिळालेल्यांना दिलेला डोस होता दर किलो वजनाला रोज 20 मिलिग्रॅम. या बाईच्या पोराचं वजन 18 किलो. त्या मापाने त्याला रोज 360 मिलिग्रॅम लागतील. म्हणजे ती बाटली तीन दिवससुद्धा पुरणार नाही. महिन्याला अकरा बाटल्या. गृहस्थांनी सांगितलेला भाव बाटलीला तीन हजार. महिन्याचे तेहतीस हजार रुपये झाले, आणि ही बाई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडते. निम्मा डोस धरला तरी सोळा हजारांच्या वर जातं. मग ते चार थेंब कशासाठी? साडेसहा मिलिग्रॅमने त्या पोराची फिट थांबेल असं दाखवणारा एकही आधार त्या पत्रकात नव्हता.

आणि अर्क मिलिग्रॅममध्ये किती, म्हणजे त्यात सीबीडी तितकंच, असंही नसतं. पत्रकातल्या बाटलीवर 'विजया अर्क 1000 मिलिग्रॅम' असं होतं. त्या अर्कात सीबीडी किती, टीएचसी किती, हे कुठेच नव्हतं. उसाचा रस किती लिटर हे सांगून साखर किती ते सांगायचंच नाही, असा हा प्रकार. 2017 मध्येच अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलवर लिहिल्याप्रमाणे सीबीडी निघालं ते फक्त 31 टक्क्यांमध्ये. अठरा उत्पादनांमध्ये टीएचसी सापडलं. त्यांच्याकडे ही गत, तर मांडवात विकलेल्या बाटलीत काय असेल ते कोण तपासतं? सहा वर्षांच्या पोराच्या जिभेखाली नकळत टीएचसी गेलं, तर जबाबदार कोण?

खरी गोष्ट तर पुढेच आहे. ड्राव्हेच्या त्या अभ्यासातल्या एकाही मुलाची आधीची औषधं सोडवली नव्हती. सगळ्यांची फिटची औषधं चालू होती आणि सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं गेलं. सीबीडी मिळालेल्यांच्या जोरदार झटक्यांची महिन्याची मध्यक संख्या 12.4 वरून 5.9 वर आली. हा मोठा फायदा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण फिट पूर्ण थांबलेली मुलं शंभरात पाच. सीबीडी घेणाऱ्या मुलांमध्ये पेंग, जुलाब, भूक मंदावणं हेही दिसलं. व्हॅल्प्रोएटसोबत सीबीडी घेणाऱ्यांमध्ये यकृताची तपासणी बिघडलेली जास्त आढळली. म्हणजे 'लिव्हर जातं' ही भीती घालून जे औषध सोडायला सांगितलं, त्याच्या जोडीला न सांगता हे तेल घेतलं तर लिव्हरला जास्त धोका. गृहस्थांनी अर्धी गोष्ट सांगितली आणि नेमकी उलटी अर्धी. ज्या अमेरिकन मुलीचं उदाहरण ते देतात, ती कोलोरॅडोतली. तिच्या कहाणीने जगाचं लक्ष वेधलं हे खरं. पण औषधाला मान्यता मिळाली ती कहाणीवर नाही. ती मिळाली अशा अभ्यासांवर, जून 2018 मध्ये, दोनच अवघड आजारांसाठी, शुद्ध सीबीडीच्या मोजून दिलेल्या डोसला.

फिटचं औषध एकदम बंद केलं की काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका पोराची फिट अर्धा तास थांबली नव्हती. बाप त्याला मोटरसायकलवर मध्ये धरून आणत होता. त्या पोराचं पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. त्या घराने कुणाचं ऐकून औषध सोडलं होतं तेही लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून 'हळूहळू सोडा' हे शब्द सहज वापरणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

आता 'नैसर्गिक म्हणून निर्धोक'. हा वाद जुना आहे. आमच्याकडे मोहाच्या दारूवरून तो दर दोन वर्षांनी पेटतो. देवाला चालते ती माणसाला कशी बाधेल, असं एकजण म्हणायचा. मी त्याला सांगायचो, अरे दादा, देवाला पानाच्या द्रोणातून थेंब पडतो, तू बाटली संपवतोस. थेंबाचा मान वेगळा, बाटलीचा परिणाम वेगळा. तो माझ्यावर चिडायचा आणि मी त्याच्यावर. शेवटी आम्ही एकमेकांशी बोलणंच सोडलं. त्या वादातून एवढं कळलं की परंपरेचं नाव घेतलं की माप विचारायला माणसं कचरतात.

परंपरेचं काय म्हणणं आहे तेही बघू. आयुर्वेदाच्या रसग्रंथांत भांग उपविषांमध्ये मोडते. वापरण्याआधी तिचं शोधन करायचं: पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, वाळवायची, गाईच्या तुपात परतायची. पूर्वजांनी तिला विषाच्या रांगेत बसवलं आणि मगच औषध म्हटलं. आजचा कायदाही तेच सांगतो. औषधे नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात धोतरा आहे, बिब्बा आहे, गुंज आहे, जमालगोटा आहे, कुचला आहे आणि भांगही आहे. ही सगळी नैसर्गिकच. बिब्बा उतलेला हात सातपुड्यातल्या कुठल्याही घरात दाखवता येईल. आणि सीबीडी ऋषींना ठाऊक होतं, हे तर सरळच चुकीचं आहे. ते वेगळं काढलं गेलं 1940 मध्ये, त्याची रचना उलगडली 1963 मध्ये. आपल्याकडच्या भांगेत टीएचसी भरपूर असतं, म्हणूनच महाशिवरात्रीची थंडाई चढते. 1839 मध्ये कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने गांजाचा अर्क अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाच्या आकडीवर दिला होता. तेव्हाही थेंब मोजले होते आणि नोंद ठेवली होती.

सिकलसेलबद्दल मात्र मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे भिल्ल, पावरा घराघरांत त्याचं दुखणं आहे. हाडं ठणकतात, पोरं शाळेतून परत येतात, बायका दुखणं दाताखाली धरून कामाला जातात. सिकलसेलच्या दुखण्यावर गांजाची वाफ देऊन अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. तेवीस रुग्णांनी तो पूर्ण केला, आणि दुखणं खात्रीने कमी झालं असं निघालं नाही. हायड्रॉक्सियुरियाने मात्र दुखण्याचे झटके कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. ते औषध चालू असलेल्या घरात जाऊन तेल विकणं म्हणजे दुखण्यावर धंदा करणं आहे. मधुमेहाचंही तसंच. फिट आणि साखर बरी करतो अशी जाहिरात करण्यावर 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. गृहस्थांनी ती बंदी भर मांडवात मोडली.

बियांच्या तेलाचीही गफलत पत्रकात होतीच. भांगेच्या बियांचं तेल हे खायचं तेल, 2021 पासून देशात अन्न म्हणून मान्य झालेलं. त्यात सीबीडी जवळजवळ नसतं. ते घेऊन कुणी झोपेची वाट बघत बसू नये.

शेवटी त्यांनी शेतकऱ्यांना हेम्प, म्हणजे कमी टीएचसीची भांग, लावा म्हणून सांगितलं, तो सल्ला घातक आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये कमी टीएचसीच्या पिकाला परवाना दिला, तो तिथला. इथे परवान्याशिवाय झाड लावलं तर 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिरपूर तालुक्यात कपाशी-मक्यात दडवलेला गांजा पोलीस उपटतात, तेव्हा हातात बेडी पडते ती आदिवासी शेतकऱ्याच्या. बी देणारा तेव्हा कुठे असतो?

मग तेल नकोच का? तसं नाही. सीबीडी औषध आहे, आणि औषध म्हणून ते मला हवं आहे. घेणाऱ्याने डॉक्टर किंवा वैद्याच्या चिठ्ठीनेच घ्यावं आणि आधीची सगळी औषधं त्यांच्यासमोर ठेवावीत, कारण वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी सीबीडीचं बिनसतं. पोटुशी बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये. बाटलीवर सीबीडी किती, टीएचसी किती, बॅच नंबर आणि उत्पादनाचा परवाना छापलेला हवा, प्रयोगशाळेचा दाखला मागितल्यावर मिळायला हवा. तो मिळाला नाही तर बाटली परत द्यावी. एवढ्याने फार लोक बरे होतील असं मी म्हणत नाही.

अनुसूची ई-1 मधल्या द्रव्याच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. ती इंग्रजी आणि हिंदीत. त्या बाईला दोन्ही समजत नाहीत. तिला मराठी वाचता येतं, बोलते ती भिली. म्हणून मी आता वहीचे कागद कापून, बॉलपेनने मोठ्या अक्षरात मराठीत ती सूचना लिहून ठेवली आहे. कुणीही अशी बाटली दाखवायला आणली की एक चिठ्ठी तिच्यावर चिकटवतो, कुठूनही घेतलेली असली तरी. व्हॅल्प्रोएटच्या बाटल्या मी परत घेतल्या नाहीत. बाईला म्हटलं, आजच्या रात्रीचा डोस चुकवू नकोस आणि उद्या पोराला घेऊन नंदुरबारला जा, मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देतो. ती पत्रक काउंटरवर विसरून गेली. मागच्या बाजूला, तेलाच्या चित्राखाली, पेन्सिलने कुणीतरी वजाबाकी केली होती: तीन हजारातून सातशे वजा.