कर्नल चालतोय, पण रेसिपी कुठाय?

मित्रांनो, मेसचे आचारीकाका गावाला गेले की आमटीची चव का बिघडते? कारण प्रमाण त्यांच्या डोक्यात असतं, कागदावर नाही. आमच्या प्रोजेक्टचं अगदी हेच झालं.

पासआऊट झालेल्या सिनियर्सकडून आम्हाला एक बोर्ड मिळाला. त्यांनी कंपाईल केलेला लिनक्स कर्नल त्यावर झकास चालत होता. आम्हाला फक्त कॅमेऱ्याचा ड्रायव्हर घालायचा होता. सोर्स लॅबच्या पीसीवर होताच. म्हटलं, आधी साफसफाई करू, आणि मी 'मेक एमआरप्रॉपर' मारलं. 'मेक क्लीन'ने 'डॉट कॉन्फिग' फाईल शाबूत राहते, एमआरप्रॉपर तीही उडवतं! कुठला ड्रायव्हर हवा, कुठला नको, कुठला मॉड्यूल म्हणून, अशा हजारो प्रश्नांची उत्तरं त्या एका फाईलमध्ये होती.

बॅकअप? सगळा सोर्स गिटमध्ये होता, पण नेमकी तीच फाईल नव्हती. कर्नलच्या सोर्समधली गिटइग्नोअर फाईल टिंबाने सुरू होणाऱ्या बहुतेक फायली वगळते. पुढच्या तीन रात्री मेन्यूकॉन्फिगसमोर गेल्या. एकदा नेटवर्क गायब, एकदा एसडी कार्डच सापडेना आणि कर्नल पॅनिक!

खरं तर यावर उपाय 2.6 मालिकेपासून लिनक्समध्येच आहे. मेन्यूकॉन्फिगच्या 'जनरल सेटअप'मध्ये 'कर्नल डॉट कॉन्फिग सपोर्ट' आणि त्याखालचा 'प्रॉक'चा पर्याय, दोन्ही चालू करायचे. मग कॉन्फिग दाबून कर्नलच्या पोटातच बसते आणि चालू मशीनवर प्रॉक फोल्डरमधल्या 'कॉन्फिग डॉट जीझेड'मधून झेडकॅटने परत काढता येते. कर्नल बूट होत नसला तरी सोर्सबरोबर येणारी 'एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग' ही स्क्रिप्ट इमेजमधून ती शोधून देते. फक्त 'एम' नव्हे, 'वाय' निवडा. मॉड्यूल केलंत तर चिठ्ठी पुन्हा वेगळ्या फाईलमध्ये!

माझा रूम पार्टनर म्हणतो, "उगाच जागा कशाला अडवायची? डेबियनसारखी बूट फोल्डरमध्ये कॉपी ठेव की." कॉपी ठेवाच. पण 'फायनल', 'फायनल 2', 'खरी फायनल' अशा कॉप्या झाल्या की कुठली कुठल्या कर्नलची, हे कोण सांगणार? पोटातली चिठ्ठी मात्र त्याच कर्नलची असते. जागा म्हणाल तर काही डझन केबी. अगदीच चिमुकल्या फ्लॅशचा बोर्ड सोडला तर ही सबब चालू नये.

म्हणून सरांना एक विनंती. व्हायवाला "कर्नल चालतो का?" एवढंच विचारू नका. "याची कॉन्फिग याच्याचमधून काढून दाखवा," असंही म्हणा. दाखवता आली नाही, तर प्रोजेक्ट अपुरा धरा. आपण चार वर्षांनी जाणार, बोर्ड लॅबमध्येच राहणार. ज्युनियर्सच्या तीन रात्री वाचतील.

बघा, पटतंय का!