बायपासच्या रुग्णाची दुसरी सही

बायपास शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णापुढे येणारे संमतिपत्र फारसे कुणी वाचत नाही. मात्र रुग्णाला वैद्यकीय संशोधनात सहभागी करून घ्यायचे असल्यास आणखी एक, स्वतंत्र सही आवश्यक असते. पहिली सही उपचारासाठी, तर दुसरी भावी रुग्णांसाठी. सोलापुरात, जिथे रुग्ण मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारा आणि अनेकदा विडी वा यंत्रमाग कामगाराच्या घरातील असतो, तिथे हा फरक समजावून सांगणे सोपे नाही.

अशा संशोधनाची गरज मात्र नाकारता येणार नाही. हृदय चालू ठेवून केलेली बायपास चांगली की हार्ट-लंग मशीनवर केलेली, हा वाद सर्जनांमध्ये अनेक वर्षे चालला. त्याचे उत्तर शोधणाऱ्या 'कोरोनरी' अभ्यासात भारतासह १९ देशांतील ७९ रुग्णालयांतले ४,७५२ रुग्ण स्वेच्छेने सहभागी झाले. कोणावर कोणती पद्धत वापरायची, हे सर्जनने नव्हे, तर यादृच्छिक निवडीने ठरले. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मूत्रपिंड निकामी होणे यांत दोन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक नसल्याचे २०१२ मध्ये आणि पाच वर्षांच्या पाहणीनंतर २०१६ मध्ये स्पष्ट झाले.

खरी अडचण संरक्षणाची आहे. नव्या औषधाच्या चाचणीला २०१९ चे नियम लागू होतात; इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई त्यात बंधनकारक आहे. नवा व्हॉल्व्ह वा स्टेंट असेल, तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम. पण केवळ शस्त्रक्रियेच्या दोन पद्धतींची तुलना असेल, तर मुख्य आधार उरतो भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा. संमतीप्रक्रियेच्या दृक्श्राव्य चित्रणाचीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये आलेली ही अट २०१५ मध्ये नव्या रासायनिक औषधांच्या चाचण्यांतील दुर्बल घटकांपुरती सीमित झाली. बायपासचा गरीब रुग्ण पद्धतींच्या तुलनेत सहभागी झाला, तर कॅमेरा त्याच्यासाठी नाही.

दुसरा प्रश्न आमिषाचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि हृदयशस्त्रक्रियांचाही त्यात समावेश आहे. त्यामुळे 'अभ्यासात या, ऑपरेशन फुकट होईल' असे कुणी सुचवले, तर तो रुग्णाच्या हक्काचीच लाच देण्याचा प्रकार ठरतो. प्रवासखर्च देणे वेगळे.

नकार दिल्यास किंवा मध्येच बाहेर पडल्यास उपचारात कसूर होता कामा नये, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे आवश्यक आहे. तो निरक्षर असेल, तर संशोधनाशी संबंध नसलेला निष्पक्ष साक्षीदार हवा. वॉर्डातल्या परिचारिकेने घाईत केलेला तेलुगू अनुवाद त्यासाठी पुरेसा नाही. माहितीपत्रकाची प्रत रुग्णाच्या हाती राहिली पाहिजे आणि नीतिसमितीशी संपर्क कसा साधावा, हे त्यावर छापलेले असले पाहिजे.